खालचं पाणी

"आपली गल्ली उद्या रंगव ना," नवरा माझ्या खांद्यावरून लॅपटॉपवरच्या नकाशात डोकावत म्हणाला. बाळ मांडीवर झोपलेलं, म्हणून आवाज दबका.

पावसाळ्यानंतर जमिनीखालचं पाणी कुठे वर येईल, ते भाग शोधायचं काम ऑफिसनं माझ्याकडे दिलं होतं. विहिरींची पातळी, जमिनीचा उतार, बुजवलेले ओढे. सगळं जुळलं की त्या भागात निळा रंग भरायचा. आमची गल्ली पुरती जुळत होती.

"संध्याकाळी घर बघायला माणसं येतायत. तुझा नकाशा एक दिवस थांबला तर काय बिघडेल?"

"पाणी थांबेल का?"

"पाणी म्हणे खालून येतं!" सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या. "उद्या म्हणशील, धूर खाली जातो."

माहीत त्यांनाही होतं. ओल दिसू नये म्हणून आम्हीच जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली होती. जमिनीतून वाट मिळेना, तशी ओल भिंतींतून चढली. तेव्हापासून बाळाचा खोकला हटत नव्हता. इथून सुटायचं तर घर विकायलाच हवं होतं.

मी रंग न भरताच लॅपटॉप मिटला. सासूबाईंनी नवऱ्याला हाताशी घेऊन कपाट ओल्या भिंतीला लावलं.

संध्याकाळी जोडपं आलं. बाईचे दिवस भरत आलेले. चपला काढून ती आत आली आणि खुलली.

"अय्या, फरशी कशी गारेगार आहे!"

"उन्हाळ्यात पंखासुद्धा लागत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही बाळाला कुठे झोपवता?" तिने मला विचारलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. इतक्या अजिजीनं त्यानं माझ्याकडे लग्नाचं विचारतानाही पाहिलं नव्हतं.

"आधी तिथे, कपाट आहे ना, तिथे झोपवायचो," मी म्हटलं. "थांबा, दाखवते."

बाळाला एका हातानं सावरत मी कपाटाला रेटा दिला. हलेना. पुन्हा दिला. मग नवरा उठला, त्यानं खांदा लावला. कपाट करकरत सरकलं.

बाईने भिंतीवर तळवा टेकवला आणि पटकन पदराला पुसला.

"आम्ही कळवतो हं," तिचा नवरा म्हणाला.

ते गेल्यावर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण झोपलेलं बाळ त्यांनी माझ्याकडून अलगद काढून घेतलं. नवरा मागच्या दारी गेला, चार विटा घेऊन आला. बाळाच्या खाटेच्या एकेका पायाखाली वीट सरकवली, खाट हलवून पाहिली. एक पाय डुगडुगत होता. तो वर्तमानपत्राची घडी घालत बसला.