बढतीचं नाव

नाव ही माणसाने आयुष्यभर सचोटीने वागून कमवायची गोष्ट आहे, असं आमच्या तोबा सरोवराकाठच्या डोंगरात वाडवडील सांगत आले. प्रत्यक्षात ते सून देते.

पद्धत सोपी आहे. जन्मल्यावर ठेवलेलं नाव पहिलं मूल होईपर्यंत टिकतं. मग माणूस 'आमा' अमुक होतो, म्हणजे अमुकचा बाप. थोरल्या मुलाला मूल झालं की 'ओम्पु' अमुक, म्हणजे अमुकचा आजा किंवा आजी. ही शेवटची बढती. त्यानंतर मूळ नावाने हाक मारणं म्हणजे शिवी. थडग्यावरही बढतीचंच नाव कोरतात.

आमच्या लुंबान हारियारा गावात आमा मोनांग यांची बढती फार रखडली होती. माणूस वजनदार. चर्चच्या पंचमंडळात, लग्नकार्यात कुळातर्फे भाषण करणारा, आणि मिशा अशा की पाद्रीसुद्धा त्यांच्याशी बोलताना त्या मिशांशीच बोलायचा. पण थोरला मोनांग दूर बाताम बेटावर गोदीत वेल्डर, त्याचं लग्न उशिरा, आणि पाळणा त्याहून उशिरा. बरोबरीचे सगळे आजे झाले, हे आपले आमाच. ताडीच्या गुत्त्यात बुद्धिबळाला बसले की समोर त्यांच्या बायकोचा भाऊ ओम्पु गोकमा असायचा. तो प्यादं पुढे सरकवताना म्हणायचा, "तुम्ही खेळा निवांत, दाजी. तुमचं काय, तरुण वय."

उलट बोलायची सोय नव्हती. आमच्यात बायकोच्या माहेरापुढे वाकायचं असतं. ज्याने बहीण दिली तो देवाच्या खालोखाल, आणि देव निदान बुद्धिबळ खेळत नाही. आमा मोनांग नुसते हसायचे आणि वजीर घालवून बसायचे.

नाव मात्र त्यांनी तयार ठेवलं होतं. सहाला. म्हणजे तेज, पूर्वजांची कृपा. मुलगा होवो की मुलगी, दोघांना शोभणारं. म्हशी धुताना ते 'ओम्पु सहाला' असं खणखणीत आवाजात म्हणून बघत. म्हशींची हरकत नव्हती.

मग एकदाचा बातामहून फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त चर्चच्या कुंपणापाशी येते, आणि आमा मोनांगना स्पीकर बंद करता येत नाही. त्यामुळे बातमी सगळ्या गावाने एकदमच ऐकली.

"मुलगी झाली, बाबा! नाव ठेवलंय प्रिन्सेस."

"प्रिन... काय?"

"प्रिन्सेस. इंग्रजीत राजकन्या. रोसिंताने शोधलं. दाखल्यावर चढलंसुद्धा."

आमा मोनांग गुत्त्यात शिरले तेव्हा ओम्पु गोकमा उठून उभा राहिला. "या, ओम्पु प्रिन्सेस, या!" मग गुत्तेवालीला म्हणाला, "अगं, ती खुर्ची पूस जरा. राजघराण्यातली माणसं आपल्या बाकावर बसवायची का?"

"अजून बाप्तिस्मा व्हायचाय," आमा मोनांग म्हणाले. "तोवर मी आमा मोनांगच."

"खरंय. राज्याभिषेकाआधी कुणी मुकुट घालत नाही."

बाप्तिस्मा नाताळात, गावच्या चर्चमध्ये व्हायचा होता. वेदीवर पाद्रीच्या तोंडून निघालं की ते नाव कायमचं. तेव्हा त्याआधीच काय ते करायला हवं होतं. आमा मोनांग पाद्रीकडे गेले.

"हे नाव बायबलच्या विरुद्ध नाही," पाद्री म्हणाला.

"माझ्या विरुद्ध आहे."

"त्यावर चर्चचा काही नियम नाही हो."

बायकोकडून आधार मिळेल म्हणावं, तर बढती तिचीही होती. नवऱ्याबरोबर तीही ओम्पु प्रिन्सेस होणार. "मला आवडलं बाई," ती म्हणाली. "जन्म गेला डुकरांना रताळी शिजवून घालण्यात. शेवटी कुणी तरी राजकन्या म्हणतंय."

नाताळाआधी मोनांग, सून रोसिंता आणि बाळ आले. मोनांग आल्या आल्या जुन्या मित्रांत पसार झाला. अशा वेळी आमचे पुरुष नेहमी तेच करतात. बोलणी सासरा-सुनेत होणार होती. आता आमच्यात सासऱ्याने आणि सुनेने एकमेकांशी थेट बोलायचं नाही, ही मर्यादा. म्हणून सासूबाई मध्ये बसल्या आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगू लागल्या. थोड्याच वेळात त्या कंटाळल्या. "तुमचं तुम्ही बघा, डुकरं खोळंबलीत," म्हणून निघून गेल्या.

आमा मोनांगनी इकडेतिकडे बघितलं आणि घराच्या मधल्या खांबाकडे तोंड केलं.

"खांबा, सहाला हे नाव वाईट आहे का रे?"

रोसिंता बाळाला पाठीशी बांधत होती. तीही खांबालाच म्हणाली, "खांबा, छान आहे. दुसऱ्या नातवाला ठेवू म्हणावं."

"दुसऱ्याचं नाव आज्याला लागत नाही, हे खांबाला ठाऊक आहे."

"खांबा, आमच्या लग्नात भाषण कुणी केलं रे? समोरच्या एकेका बाईला 'हे राजकन्ये, हे राजकन्ये' कोण म्हणत होतं? माझी मावशी पातेलं घासत होती, तिलाही म्हणाले."

"ती रीत आहे आपली."

"मग मीही रीतच पाळली. इंग्रजीत पाळली, एवढंच."

मुद्दा बिनतोड आहे हे आमा मोनांगना कळत होतं, कारण मुद्दे मांडणं हाच त्यांचा धंदा. शेवटी ते हळूच म्हणाले, "खांबा, थडग्यावर कोरतात रे ते. लोक हसतील."

रोसिंताने गाठ आवळली. "खांबा, मी आईबापाची पाचवी मुलगी. माझं नाव काय ठेवावं हे कितीतरी दिवस घरात कुणाला सुचलंच नाही. वाटलं, हिचं नाव पुकारलं की भर मांडवात थोरामोठ्यांनी उठून उभं राहावं. आता एवढ्याशा पोरीसाठी कोण उठतंय? पण ह्या घरातल्या आजोबांसाठी उठतात, असं ऐकलं होतं."

आमा मोनांगनी खांबावरून बोट फिरवलं. मग, खांबाला वाळवी लागलीय, असं काहीसं पुटपुटत बाहेर गेले.

रविवारी बाप्तिस्मा झाला. पाद्रीने नाव घेतलं आणि मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. मग अंगणात जेवण. डुकराच्या मांसाचे मानाचे वाटे नावं घेऊन लाउडस्पीकरवर पुकारतात. ते काम रीतीने ओम्पु गोकमाचं नव्हतं. त्याने ते मागून घेतलं होतं.

"आणि आता," तो म्हणाला, आणि चवीने थांबला, "ओम्पु! प्रिन्सेस!"

मांडवात बायकांनी तोंडाला शालींची टोकं लावली. आमा मोनांग उठले. खांद्यावरची शाल सारखी केली, मिशांवरून हात फिरवला आणि माईक मेव्हण्याच्या हातातून मोठ्या अदबीने काढून घेतला.

"राजे हो, राजकन्यांनो," ते म्हणाले. "मी, ओम्पु प्रिन्सेस, बोलतो आहे."

आवाज तोच, म्हशींपुढे कमावलेला. हसायच्या तयारीत असलेले म्हातारे एकेक करून उभे राहिले. ओम्पु गोकमा उभाच होता, त्याला बसता येईना. भात वाढत असलेल्या रोसिंताने वर बघितलं नाही, पण तिच्या समोरच्या पानात भात जरा जास्तच पडला.

आता सगळं खोरं त्यांना ओम्पु प्रिन्सेस म्हणतं. पाद्री म्हणतो, खतवाला म्हणतो, गुत्त्यात हरल्यावर ओम्पु गोकमाही म्हणतो. मुलीला मात्र, आमच्याकडे कुठल्याही लहान पोरीला म्हणतात तसं, सगळे बुटेट म्हणतात. तिची आईसुद्धा.