मंडईच्या तोंडावर बसलेला घसा

आमच्या सानगडीत दिवाळी झाली का मंडईची जत्रा भरते. घरोघरी पाहुणे येतेत, दिवसाउजेडी दंडार होते, ढोलकी वाजते, पोट्टे नाचतेत, अन् दंडारीतलं पहिलं गाणं आमचा बुढा म्हणते. बुढा म्हणजे माझा नवरा, खेमराज. साठी नाही झाली त्याची अजून, पण माझ्या तोंडी बुढाच बसला. रोज सकाळी म्हशीची धार काढता काढता त्याच्या ताना सुरू होतेत. "काहून रेकून राहिले जी? म्हैस पान्हा चोरीन!" असं मी चुलीपासून ओरडली नाही, असा एक दिवस जात नाही.

यंदा मंडई तोंडावर आली अन् इकडे धान पिकलं. रानडुकरं धानाच्या बांधीत शिरले. बुढा वावराच्या धुऱ्यावर उभा राहून "हाऽ हाऽ" करत रातभर बोंबलला. सकाळी म्हशीजवळ सामसूम. जाऊन पाहिलं, तं तोंड उघडून उभा, अन् आवाजाच्या जागी नुसती फुसफुस.

घसा काय, कोणाचाही बसते. पण दंडारीचे म्होरके मधुकरराव मागच्या सालापासूनच म्हणून राहिले होते, "खेमराजभाऊ, आता तुमचं वय झालं. पहिलं गाणं मोबाईलवरून भोंग्यात लावून देऊ." बुढ्याच्या बापापासून चालत आलेला मान तो. एकदा मोबाईलात गेला, का वापस येते थोडाच?

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं टॉर्च मारून घसा पाहिला. "ओरडून सुजलाय, बाकी काही नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, वाफ घ्या, आणि मुख्य म्हणजे बोलू नका. फुसफुस तर अजिबात नको, त्यानं घसा आणखी ताणतो. तरी नाही सुटला तर परत या." मी म्हटलं, एवढंच ना? मीठ घरात हाय, पाणी घरात हाय. किती हलकं वाटलं मले!

पण चूप बसणं कुठून आणू? मंडईचं घर आमचं! पाहुणा दारात आला अन् घरधन्यानं "या, या, रामराम" केलं नाही, तं तो पुढच्या मंडईपर्यंत रुसून राहते. पोरगी मोनिका अन् जवाई चंदन आले. बुढा उठला, फुसफुसला, "या जवाईबापू." शेजारचे कवडूभाऊ आले, पुन्हा फुसफुस. अन् जो आला त्याच्याजवळ एकेक इलाज. कोणी म्हणे ज्येष्ठमध चघळा, कोणी म्हणे लवंग भाजून तोंडात ठेवा, कोणी हळदीचं दूध सांगे. वाईट कोणतंच नाही, पण माणसानं एकामागून एक किती घ्यावं? बुढ्यानं तं कोणालेच नाही म्हटलं नाही. भैय्यालालभाऊ मोहाची शिशी घेऊन आले. "दोन घोट मारले का आवाज खणखणीत!" मी लाटणं घेऊन उठली, तवा शिशीसकट पसार झाले.

दुपारपर्यंत फुसफुसही गेली. बुढा डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे पाहून राहिला. मंग मी डोकं लावलं. हळद गरम केली, त्याच्या गालावर थापली, डोक्यावरून जबड्याखालून दुपट्टा गुंडाळला अन् गच्च गाठ मारली.

"आता तुमची दाढ सुजली. समजलं? दाढ सुजलेल्याले कोणी बोलाले लावत नाही."

त्यानं डोळे वटारले. मले हसू आलं, पण दाबलं.

खोटं नाही सांगत, सगळ्या इलाजांत हाच लागू पडला. पाहुणे येत, दुपट्टा पाहत, "अरे बापरे" म्हणत, अन् माझ्याशीच बोलून चहा पिऊन जात. बुढा मागच्या सपरीत, म्हशीजवळच्या छपराखाली, बसून गुळण्या करे, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेई, हाताच्या खुणेनं चहा मागे. पण दोन सकाळी म्हशीजवळ आवाज नाही, तं घर खायले उठलं. म्हैसही मागे वळून वळून पाहे. मी चुलीपासून ओरडावं तरी कोणावर?

दंडारीच्या दिवशी मी वडे तळून राहिली होती. मैदानातला भोंगा खरखरला. मधुकररावांचा आवाज. "खेमराजभाऊंची दाढ सुजल्यामुळे यंदा पहिलं गाणं मोबाईलवरून लागेल. सर्वांनी शांततेत ऐकावं."

वडा कढईतच राहिला. मीच मारलेली गाठ, अन् तिनंच घात केला. काय करून बसली मी बाई!

तेवढ्यात सपरीतून गर्जना आली, "कोणाची दाढ? अरे, कोणाची दाढ सुजली?"

खणखणीत. म्हैस उठून उभी राहिली. मी मोनिकाले म्हटलं कढई उतरव, अन् सपरीत धावली. बुढा दुपट्टा ओढून काढून उभा, अन् स्वतःच्याच आवाजाले घाबरून तोंडावर हात ठेवलेला. मले रडूच फुटलं.

"बोला जी, आणखी बोला."

"माझा कुर्ता कुठं हाय?" तो म्हणाला. अस्सा गोड वाटला तो कुर्ता मले!

पण तो कुर्ता घालेपर्यंत गाणं लागून गेलं असतं. मीच पुढे पळाली. पाळणे, फुगेवाले, जिलेबीची दुकानं, सगळ्यांतून वाट काढत ओरडली, "थांबवा! मधुकरराव, थांबवा!" भोंग्यापुढे माझं कोण ऐकते? मी आणखी ओरडली, जीव खाऊन ओरडली. शेवटी मंडपात घुसून त्यांच्या हातातला मोबाईलच हिसकला. "दाढ नाही सुजली! मी खोटं बोलली! येऊन राहिले ते!"

मधुकरराव काही बोलणार, तेवढ्यात बुढा गर्दीतून आला. गालावर अर्धी हळद तशीच. ढोलकीवाल्यानं थाप मारली, बुढ्यानं कानावर हात ठेवला अन् गाणं उचललं. वरच्या सुरात आवाज जरासा थरथरला, मी पदर दातात धरला, पण आवाज फाटला नाही. पोट्टे नाचाले लागले. मधुकररावांनी स्वतः झांजा उचलल्या. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर बुढ्यानं दर सालासारखं विचारलं, "कसं झालं गाणं?"

दर सालाचं माझं उत्तर ठरलेलं हाय, "म्हशीले विचारा." यंदा मले तसं म्हणायचंच नव्हतं. मी तोंड उघडलं, तं नुसती फुस. आवाज मैदानातच राहिला होता.

मोनिका पोट धरून हसली. बुढा नाही हसला. त्यानं चुलीवर पाणी ठेवलं, बोट बुडवून पाहिलं, मीठ टाकलं, अन् ग्लास माझ्या हातात दिला. "कर गुळण्या. अन् तोंड बंद." मंग समोर फतकल मारून बसला. "यंदाबी म्हशीलेच विचारू का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग?"

माझ्यानं राहवलं नाही. "खूप चांगलं झालं जी," मी फुसफुसली.

"फुसफुस नोको करू. घसा आणखी ताणते," तो म्हणाला. पण ऐकलं होतं त्यानं. दुसरा ग्लास भराले उठला, तवा चुलीपुढे गुणगुणून राहिला होता.