आधी सही, मग हात

सत्तावीस वेळा! सत्तावीस वेळा थोरलीने या घरातल्या माणसांच्या पाठी, माना आणि पोटऱ्या मोकळ्या करून दिल्या. आणि तिच्या फायलीतल्या फॉर्मांवर सह्या किती? एकही नाही. भोपळा!

थोरली म्हणजे या घरातली थोरली सून. वय त्रेचाळीस. पंधरा वर्षं तिने तयार कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंग केलं. कारखाना बंद पडला तेव्हा नुसतं हात चोळत बसण्यापेक्षा तिने स्वीडिश मसाजचा सहा महिन्यांचा वर्ग धरला. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो वर्ग भरायचा. परीक्षा पास झाली की त्याच दवाखान्यात नोकरी, असं ठरलेलं होतं. तिला ती नोकरी हवी होती, आणि कुणाच्या परवानगीने नव्हे, स्वतःच्या हिमतीवर हवी होती.

शिकवणाऱ्या मॅडम महाकडक. पंचवीस वर्षं इस्पितळात लोकांचे सांधे हलते केलेली बाई. पहिले पंधरा दिवस त्यांनी तेलाच्या बाटलीला कुणाला हात लावू दिला नाही. आधी नखं कापा. आधी नीट उभं राहायला शिका: एक पाय पुढे, गुडघे सैल, जोर मनगटातून नको, अंगाच्या भारातून यायला हवा. मग लांब सरकता हात शिकवला, हृदयाच्या दिशेने जाताना दाब आणि परत येताना नुसता स्पर्श. मग मळणं, मग बोटांनी घासणं, मग थापट्या. मणक्यावर दाब द्यायचा नाही. एकच पोटरी सुजलेली आणि गरम लागली तर तिला हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं. अंगभर चादर, आणि काम चाललं असेल तेवढाच भाग उघडा.

थोरलीला वाटलं होतं, जन्मभर कणीक मळलेल्या बाईला यात काय शिकायचंय? पहिल्याच आठवड्यात अंगठे सुजले तेव्हा तिचे डोळे उघडले. मग मात्र तिने नेट लावला.

परीक्षेला बसायची अट एकच होती. वर्गाबाहेरच्या माणसांवर दहा वेळा मसाज करायचा, दर वेळी छापील फॉर्म भरायचा आणि त्यावर त्या माणसाची सही घ्यायची. थोरलीला हसू आलं होतं. घरात एवढी दुखरी माणसं असताना दहाची काय मोठी गोष्ट?

माणसं आली की! अगदी रांग लावून आली. वर्गातून जुनं, घडीचं टेबल आणून तिने मागच्या खोलीत मांडलं आणि रविवार दुपार म्हणजे घराची चैन झाली. सासूबाईंचा खांदा, नवऱ्याची कंबर. धाकटे दीर ऑफिसात साहेब होते आणि घरातही साहेबच होते. त्यांची मान तर दर रविवारी हमखास धरलेली. धाकटी जाऊ दारातून चहाचे कप आत द्यायची, रिकामे कप बाहेर न्यायची. टेबलावरून उठताना प्रत्येक जण म्हणायचा, "वा! काय हात आहे!"

आणि सही म्हटलं की त्याच माणसाचे हात आखडायचे.

"वहिनी, उद्या हा कागद कुणाच्या हाती लागला तर?" साहेब शर्टाची बटणं लावत म्हणाले. "आमच्या घरातली बाई लोकांची अंगं रगडते, हे मी लेखी देऊ? ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहील का?"

अंग रगडून घेताना कुठे होती हो ही लाज? टेबलाखाली ठेवली होती, चपलांशेजारी?

सासूबाईंनी तर कमालच केली. शेजारच्या काकूंना त्यांनी सांगून टाकलं होतं की आमची थोरली कॉम्प्युटर शिकते. आता सही कशी करणार? आणि नवरा! त्याच्यावर तिची सगळी भिस्त होती. तो म्हणाला, "अगं, घरच्या घरात कसली सही?" आणि पेपरात डोकं घातलं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या पेपरचा थोरलीला इतका राग आला की तिने दुसऱ्या दिवशीचा पेपर सकाळीच रद्दीत टाकला, न वाचलेला.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा ती बिनसहीचे सत्तावीस फॉर्म घेऊन मॅडमसमोर उभी राहिली. "मी खोटं बोलत नाही. हवं तर माझे हात बघा. लोकच नालायक, त्याला मी काय करू?"

मॅडमनी एकेक फॉर्म चाळला. "सही कधी मागत होतीस? आधी की नंतर?"

"नंतर. काम झाल्यावर."

"मग सत्तावीस वेळा तू चुकलीस." मॅडम शांतपणे म्हणाल्या. "हा काय सामान पोचल्याचा कागद वाटला तुला? माझ्या अंगाला हात लाव, असं माणसाने हात लागण्याआधी सांगायचं असतं. आधी सही, मग हात. आणि खालची ओळ वाचलीस का कधी?"

खालची ओळ थोरलीने पाहिली होती, वाचली नव्हती. वर होतं, 'मी ही सेवा राजीखुशीने घेत आहे.' आणि खाली, 'मी ही सेवा राजीखुशीने देत आहे.' तिथे मसाज करणाऱ्याची सही.

"तुलाही विचारलं गेलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "करायचं नसेल तर खाली सही करायची नाही. झालं."

थोरली तणतणत घरी आली. आधी मॅडमवर तणतणली, मग घरच्यांवर. पण खालची ओळ काही डोक्यातून जाईना. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या हातांनी काय काय केलं, आणि तुला करायचंय का, असं कुणी एकदा तरी विचारलं? एकदा?

पुढच्या रविवारी सगळे सवयीने जमले. टेबलावर चादर नव्हती. फॉर्म होता आणि पेन होतं.

"आधी सही," थोरली म्हणाली.

घर फुगून बसलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. सासूबाईंचा खांदा पुन्हा धरला आणि त्यांचा हात डोक्यापर्यंत जाईना. बुधवारी शेजारच्या काकू आल्या तेव्हा सासूबाईंचे केस तसेच मोकळे होते.

"हे काय, आज वेणी नाही?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी काकूंकडे पाहिलं, दुखऱ्या खांद्याकडे पाहिलं, आणि हाक मारली, "थोरले, आण तो तुझा कागद."

"कसला कागद?" काकूंचे कान टवकारले.

"मसाजचा. कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही शिकत नाही ती. मीच थाप मारली होती." सासूबाईंनी डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि वेडीवाकडी सही ठोकली. "रीतसर शिकते. आणि चांगलं करते!"

थोरलीला बरं वाटलं, पण रागही आला. हे बोलायला खांदा धरावा लागला होय? तिने खाली सही केली आणि हात चोळून गरम केले.

मग काकूंची कंबर आली, काकूंच्या बहिणीचे पाय आले. नवऱ्याने एक दिवस गुपचूप पेन उचललं आणि म्हणाला, "चुकलंच माझं." सासूबाई तर तीनदा आल्या. पुढचा शुक्रवार उजाडला तेव्हा नऊ फॉर्म भरले होते. संध्याकाळी पाचपर्यंत दहा द्यायचे होते, आणि शनिवारी परीक्षा.

दुपारी दोनला साहेब आले, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. मान पार वाकडी झालेली. त्यांनी फॉर्म ओढला आणि झोकात सही केली.

"घ्या! एकच कमी पडत होती ना? उपकार समजा. पण मसाज हा शब्द खोडून मी तिथे व्यायाम लिहिलंय हं." आणि ते टेबलावर पालथे पडले. "चला, लवकर. मला फोन यायचाय."

थोरलीने फॉर्म उचलला. मसाज या शब्दावर जाड रेघ होती. खालची ओळ रिकामी होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सहा महिने, सुजलेले अंगठे, नोकरी, सगळं त्या रिकाम्या ओळीवर येऊन थांबलं होतं. तिने पेनाला टोपण लावलं.

"आज नाही, भाऊजी."

"म्हणजे?" ते वाकड्या मानेने उठून बसले. "वेड लागलंय का? तुमचीच परीक्षा बुडेल!"

"बुडू दे. मला करायचं नाही."

दारात धाकटी उभी होती, हातात चहाचा कप. तिने तो कप नवऱ्याच्या हातात दिला. "उठा तुम्ही," ती म्हणाली. "ताई, मला चालेल का? माझी पाठ दोन वर्षं दुखतेय."

"दोन वर्षं?" थोरली ओरडलीच. "मग बोलली का नाहीस इतके रविवार?"

"कुणी विचारलंच नाही."

कुणी म्हणजे कोण? सासूबाईंनी नाही, साहेबांनी नाही. आणि तूही नाही, बाई! सत्तावीस वेळा जिच्या हातचा चहा घेतलास, तिला एकदा तरी म्हणालीस का, तू ये म्हणून? आता थोरलीला राग आला तो स्वतःचा, आणि तो बाकीच्या सगळ्या रागांपेक्षा जास्त झोंबला.

तिने कोरा फॉर्म पुढे केला. धाकटीने वरची ओळ बोट ठेवून वाचली आणि सही केली. थोरलीने खाली सही केली. मग तिने स्वच्छ चादर अंथरली, हात गरम केले आणि विचारलं, "कुठे दुखतं, सांग."

साहेब कप घेऊन तिथेच उभे होते.

"भाऊजी, बाहेर व्हा," थोरली म्हणाली. "आणि दार लावून घ्या."