लाल टोपण नसलेली नळी

दलदलीत नळी ठोकून मातीचा उभा तुकडा काढला, की वरच्या टोकाला लाल टोपण लावायचं, खालच्या टोकाला काळं. प्रयोगशाळेचा साधा नियम. त्या दिवशी लाल टोपणं संपली. मी दोन्हीकडे काळीच लावली आणि म्हटलं, राहील की लक्षात.

आज दीड वर्षाने त्या नळीचा उभा चिरून राखून ठेवलेला दुसरा अर्धा भाग उघडला. थरांचं वय काढायला गवताची एखादी काडी हवी होती. वाळूला चिकटून अख्खा झुबका मिळाला, पण त्याची मुळं वर होती.

"देवा!" एवढंच तोंडून निघालं. गवत काही डोक्यावर उभं राहून वाढत नाही. नळीच उलटी होती!

ती फिरवली. तळाशी समजलेले वाळूचे तीन थर माथ्याजवळ आले. प्रत्येकात भरड वाळू खाली, बारीक वर. उलट्या नळीत भरड वर दिसली, म्हणून नदीचा जुना पूर समजून मी ते निकालात काढले होते. तो समुद्र होता, भूकंपामागून त्सुनामी होऊन तीनदा आत घुसलेला. मधल्या चिखलावर हात ठेवून मापलं. एक वीत. पुन्हा एक वीत. आणि शेवटच्या लाटेनंतर साठलेला? एक वीत आणि वर दोन बोटं. म्हणजे पुढच्या लाटेची वेळ उलटून गेली होती.

माझ्याच शब्दावर दादाने त्या दलदलीच्या कडेला घर बांधलं होतं. आई तिथेच राहते, गुडघे दुखतात म्हणून काठी टेकत चालते.

फोन लावला.

"बोला चिखलराणी! काय म्हणते तुमची माती?"

"दादा, माझं चुकलं. नळी उलटी वाचली मी. तिथे समुद्र येतो."

"येतो म्हणजे? तूच म्हणालीस ना, बिनधास्त बांध म्हणून!"

"म्हणाले."

"मग कधी येणार?"

"ठाऊक नाही रे. आजही येईल, तुझ्या नातवंडांच्या वेळीही येईल."

मी शिव्यांची वाट पाहत राहिले. पलीकडे खुर्ची सरकली.

"जमीन हलली, तर हातात किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. फार तर."

"आई, चपला घाल! टेकडी चढायला किती वेळ लागतो बघू."

"आत्ता? भाजी अर्धी चिरून झालीय."

"तुझ्या लेकीने सांगितलंय."

"मग चल बाबा. ती उगाच नाही सांगायची."

ते ऐकून मला रडूच फुटलं. फोन चालूच होता. काठीची टकटक, आईची धाप. मी देवाचं नाव घेत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पंधरा झाली. काठी अजून वाजत होती.

बावीस.

"अगं, वरून घर कसलं छान दिसतंय!" आई म्हणाली.

दादा हळूच म्हणाला, "चिखलराणी, इथे वरच आईसाठी खोली बघतो. आजच. तू आधी त्या नळीला लाल टोपण लाव."