हशा

"प... प... प..."

मुलगी 'पर्वत' या शब्दावर अडली होती. पुस्तक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मागच्या बाकांवर पट्ट्यांची लढाई चालू होती, खिडकीजवळच्या दोघी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या नव्या बाईंकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

बाईंना रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं करून झालं होतं. जागा बदलल्या, सगळ्यांत दंगेखोर मुलाला मॉनिटर केलं, आवाज चढवला, मग नुसतं गप्प उभं राहूनही पाहिलं. सातवीच्या त्या वर्गाने कशालाच भीक घातली नाही. तुमच्या वर्गाचा गोंगाट ऑफिसपर्यंत येतो, असं मुख्याध्यापकांनी त्या दिवशी सकाळीच सुनावलं होतं.

"प... प..."

"प-प-पुढे जाणार, की प-प-परत बसणार?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं. वर्ग क्षणभर चिडीचूप झाला आणि मग असा हशा उठला, की भिंती हादराव्यात. चाळीस चेहरे पहिल्यांदाच बाईंकडे वळले होते. मुलगीही हसली, जरा उशिरा, आणि खाली बसली. उरलेला वीस मिनिटांचा धडा वर्गाने कान देऊन ऐकला.

मधल्या सुट्टीत गणिताचे सर म्हणाले, आज वर्ग मुठीत आला म्हणायचा तुमच्या, काय जादू केलीत? बाईंनी काही नाही म्हणून डबा उघडला. तोंडून गेलं ते गेलंच. पण ती वीस मिनिटं त्यांना आवडली होती, हे आतल्या आत जास्त टोचत होतं.

त्यानंतर त्यांनी मुलीला वाचायला उठवलं नाही. व्हरांड्यात पोरं तिच्या मागून 'प-प' करत जाताना दिसली, की त्या हातातल्या वह्यांमध्ये डोकं खुपसायच्या. दटावायचं तरी कुठल्या तोंडाने?

शनिवारच्या पालकसभेला मुलीची आई आली. कामावरून थेट आली होती, कारखान्याचा गणवेश अंगावर होता. लेक तिच्या मागे उभी होती. आता खडसावणार, म्हणून बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. आई मात्र आभार मानू लागली. आधीच्या शाळेत पोरीला फार छळलं होतं, म्हणून इथे घातली. घरी सांगते, नव्या बाई खूप हसवतात, मला काही त्रास नाही.

मुलीने बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. जेमतेम दिसेल एवढीच. नका सांगू.

बाईंनी टेबलाची कड धरली.

"मी तिची नक्कल केली," त्या म्हणाल्या. "सगळ्या वर्गासमोर. त्यालाच मुलं हसली. आता ती रोज तिला चिडवतात, आणि मी त्यांना एकदाही अडवलं नाही."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठे ठेवावं हे तिला कळेना. मग ती लेकीकडे वळली.

"खरं का गं?"

मुलीने तोंड उघडलं. शब्द अडला. तिची मान ताठ झाली, डोळे मिटले. बाईंच्या ओठांवर तो शब्द येऊ पाहत होता; त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. आईही थांबली. मागे रांगेत उभे असलेले पालक घड्याळं बघू लागले.

"त... त्यांचं कोणी ऐ... ऐकतच नव्हतं, आई," मुलगी म्हणाली. "ओ-ओरडून ओरडून घसा बसला होता त्यांचा."

आईने लेकीचा हात धरला आणि बाईंकडे न पाहता दोघी निघून गेल्या.

रांगेतले पुढचे वडील समोर येऊन बसले आणि आपल्या मुलाचं कसं काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. बाईंना उत्तर द्यायचं होतं, आवाज फुटेना. वडील वाट बघत राहिले.