खालच्याची हाक

जर्मनची लढाई लागली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंझोरीच्या नव्या विहिरीवर दोर एक होता, पण मनं दोन होती. चार गडी गावातले, चार तांड्यावरचे. पाच परस खोल उतरून जगदेव पहारीनं खडक फोडायचा, दगड टोपल्यात भरायचा, आणि वरचे आठ जण लाकडी चाकावरून टोपलं ओढून काढायचे. त्याची बायको पंचफुला काठावर मुरूम वाहायची. तिचं अर्धं ध्यान डोक्यावरच्या घमेल्यात, अर्धं विहिरीत.

गावचे गडी मोट हाकणारे. त्यांची हाक लांबलचक, ती संपली की मग ओढ. तांड्यावरच्यांची हाक तोकडी, आणि हाकेबरोबरच हिसका. आता बोला! चौघं ओढायचे तेव्हा चौघं थांबलेले. टोपलं मध्येच डुलायचं, कडेला आपटायचं. मुकादम मारोतरावांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पण हाक कोणाची चालवायची हे सांगायची त्यांची छाती होत नव्हती. एकाची चालवली की दुसरा रुसणार. दुपारच्या भाकरीसुद्धा दोन झाडांखाली.

शेवटी व्हायचं तेच झालं. टोपल्याला हिसका बसला आणि एक दगड निसटून जगदेवच्या खांद्यावर पडला. त्याला वर काढलं तेव्हा हात नुसता लोंबत होता. आणि हे बहाद्दर भांडत होते!

"तुमी घाई केली!" गावचा शालिग्राम म्हणाला.

"तुमी झोपले होते!" तांड्याचा हरिसिंग.

पंचफुलानं घमेलं दाणकन आपटलं. "वर भांडून राह्यले तुमी, आन् मरते कोन? खालचा! आता एक गावचा उतरा, एक तांड्याचा. हाक खालूनच येईन. ज्याच्या डोक्यावर टोपलं, त्याची हाक. ज्याचं जळते त्याले कळते!"

हरिसिंगनं धोतर खोचलं आणि उतरला. मग लाजेकाजेनं शालिग्रामलाही उतरावं लागलं. जागा भरायला मुकादमांनी स्वतः दोर धरला.

खालून हरिसिंगची तोकडी हाक आली. गावच्यांचे हात मागं राहिले, टोपलं डुललं. शालिग्रामचा धाकटा भाऊ लखमा दोरावर होता. "अरे, माहा भाऊ हाये ना खाली!" तो ओरडला. पुढच्या हाकेला त्याचा हात सगळ्यांच्या आधी तयार होता.

मग रोज जोडी बदलू लागली. खालच्याची हाक लांब असो की तोकडी, वरचे कान देऊन ऐकू लागले. हरिसिंग तर मुद्दाम गावची हाक सूर लावून द्यायचा, आणि लखमा म्हणायचा, "बाप्पा, मोट हाकते का टोपलं भरते?" दोर कुठं झिजला, कोणी पुढं उभं राहावं, हे बोलता बोलता भाकरीही एकाच झाडाखाली सुटू लागल्या. कोणी ठरवलं नाही. झालं तसं.

महिन्यानं जगदेवचा खांदा बरा झाला. विहिरीत शेवटचा खडक अडला होता, आणि तो ज्या रेघेवर फुटेल ती शीर जगदेवलाच कळे. पण पंचफुलानं त्याला पुन्हा न उतरण्याची शपथ घातली होती. तो काठावर उभा राहून तिच्याकडं बघत राहिला.

पंचफुलानं दोराकडं पाहिलं. लखमाच्या मागं हरिसिंग, त्याच्या मागं शालिग्राम. आता गाव कुठं संपतं अन् तांडा कुठं लागतो, ते दोरावरून सांगता आलं नसतं.

"हरिसिंगभाऊ, तुमी हात सोडसान नाही ना?"

"हात तुटला तरी नाही, बाई."

पंचफुलाला रडू फुटलं. तिनं पदरानं डोळे पुसले. "उतरा मंग," ती नवऱ्याला म्हणाली. आणि घमेलं बाजूला ठेवून तिनं दोराचं शेवटचं टोक धरलं.

खाली खडक फुटला, टोपलं भरलं. हाक येईपर्यंत एकाचाही हात हलला नाही.

"वढा!" खालून जगदेव म्हणाला.

दोर सरळ वर आला. टोपल्यातल्या दगडांवरून पाणी ठिबकत होतं.