शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल

मी रुमाल बोलतोय. राहायला खिशात असलो, तरी माझी खरी नोकरी खुर्चीवरची.

माझा जन्म एका शिंप्याच्या मशीनवर झाला. समोरच्या दुकानातला घड्याळजी हा त्याचा जिवलग दोस्त. त्याचा निळ्या चौकड्यांचा सदरा शिवताना थोडं कापड उरलं. शिंप्याने कडा दुमडून मला शिवलं. एका कडेला मुद्दाम दुहेरी टीप मारली, अंधारात बोटांना कळावी म्हणून. म्हणजे तो सदरा माझा सख्खा भाऊच.

दर रविवारी दोघे दुपारच्या खेळाला जायचे. सिनेमाचं खरं वेड घड्याळजीला, पण आधी पोचायचा शिंपी, आणि शेजारच्या खुर्चीवर मला पसरून ठेवायचा. सगळ्या गल्लीची घड्याळं वेळेवर चालवणारा घड्याळजी स्वतः कधी वेळेवर आला नाही. पडद्यावर बरंच काही होऊन गेलं की तो चाचपडत यायचा, माझी जाड कड हाताला लागली की मला उचलून बसायचा आणि कुजबुजायचा, "काय झालं रे आत्तापर्यंत?"

"वेळेवर आला असतास तर कळलं असतं," शिंपी म्हणायचा, आणि मग सगळं सांगायचा.

लोक हसायचे तिथे घड्याळजी रडायचा. "डोळ्यात काहीतरी गेलं," म्हणत मला डोळ्यांना लावायचा. दर रविवारी नेमकं काय जायचं, मला कधी कळलं नाही. मला तशा पुष्कळ गोष्टी कळत नाहीत.

एका रविवारी आम्ही खेळाला गेलोच नाही. शिंपी घड्याळजीच्या घराच्या पायरीवर मला तोंडाशी धरून रडत बसला. आत बायका बोलत होत्या, झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं. बंद पडलेलं घड्याळ तो उघडून पुन्हा चालू करायचा, हे मी पाहिलं होतं. मग इतकी माणसं नुसती बसून का होती?

पुढच्या रविवारी शिंप्याने मला पुन्हा खुर्चीवर पसरलं, तेव्हा मला हायसं वाटलं. कुणी विचारलं, "इथे कोणी आहे का?" की तो म्हणायचा, "आहे. येतोय." मी वाट बघायचो. दिवे लागायचे, लोक उठायचे, आणि शिंपी मला घडी करून खिशात ठेवायचा. असे कितीतरी रविवार गेले. मी काही चुकलो होतो का? माझी कड त्याला सापडत नव्हती का?

मग एकदा माझा भाऊ दुकानात आला. घडी घातलेला, घड्याळजीच्या बायकोच्या हातात. सदरा आला होता, पण आत माणूस नव्हता.

"याचा उशीला अभ्रा शिवून द्या, भावजी," ती म्हणाली.

शिंप्याने कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "माझ्याच्याने नाही होणार, वहिनी."

तिने सदरा परत जवळ घेतला. "एवढं काय असायचं हो त्या सिनेमात? हे किती वेळा चल म्हणाले, मी कधी गेलेच नाही."

"या रविवारी या. जागा आहे."

रविवारी दिवे मालवले, चित्र सुरू झालं, तरी वहिनींचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने अंधारातून एक हात आला आणि माझ्या जाड कडेवर थांबला. मला वाटलं, आला एकदाचा. पण बोटं बारीक होती.

"जाड कडेचा रुमाल शोधायचा, असं हे सांगायचे," वहिनी मला उचलत म्हणाल्या. मग बसून कुजबुजल्या, "काय झालं आत्तापर्यंत?"

शिंपी पुटपुटला, "कोण जाणे, वहिनी. इतके रविवार मी दाराकडेच बघत बसलोय."

वहिनींनी मला डोळ्यांना लावलं. पडद्यावर तेव्हा लोकांना हसवणारं काहीतरी चाललं होतं.

आता माझा निळा रंग उतरलाय, मधे कापड विरलंय. हल्ली मला वहिनींसाठी पसरतात, आणि त्याही उशिराच येतात. पण घड्याळजीची खुर्ची मी सोडली, की अजून धरून बसलोय, हे मला कुणी सांगत नाही. म्हणून एक विनंती आहे. रिकाम्या खुर्चीवर रुमाल दिसला तर तो बाजूला सारून बसू नका, आधी विचारा. आमच्या घड्याळजीला उशीर व्हायचाच, पण एवढा कधी झाला नव्हता.